घरी चित्रपट भाड्याने घेऊन पाहायचा असेल तर

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून चित्रपट पाहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी ती परत करण्याची घाई आठवत असेल. कॅसेट गेली, दुकाने गेली. मुदत मात्र राहिली. इंटरनेटवर एखादा चित्रपट भाड्याने घेताना बहुतेक जण किंमत पाहतात आणि मुदतीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते खरी पंचाईत किमतीने होत नाही, मुदतीनेच होते. म्हणून पुढील पायऱ्यांत तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवला आहे.

पैसे देण्यापूर्वी तो चित्रपट आपल्याला आधीच उपलब्ध आहे का, हे तपासावे. घरात एक-दोन ओटीटी वर्गण्या चालू असतात, पण कोणत्या मंचावर काय आहे हे लक्षात राहत नाही. जस्टवॉच या संकेतस्थळावर भारत हा देश निवडून चित्रपटाचे नाव टाकले की तो वर्गणीत मिळतो, भाड्याने मिळतो की विकत, हे एकाच ठिकाणी दिसते. प्रसार भारतीचा वेव्ह्ज हा मंचही पाहून घ्यावा. २० नोव्हेंबर २०२४ रोजी आमच्या गोव्यातच, इफ्फीच्या म्हणजे भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटन सोहळ्यात तो सुरू झाला आणि त्यावरील काही साहित्य विनामूल्य आहे.

तेथे नसेल, तर पैसे मोजून एकच चित्रपट पाहण्याची सोय असलेल्या मंचांकडे वळावे. यूट्यूब, ॲपल टीव्ही आणि प्राइम व्हिडिओ हे त्यांतील मुख्य. प्राइम व्हिडिओने भारतात ही सेवा एप्रिल २०२२ मध्ये ६९ ते ४९९ रुपयांच्या भाड्याने सुरू केली आणि तिच्यासाठी प्राइमचे सभासद असण्याची अट ठेवली नाही, हे अनेकांना अजूनही ठाऊक नसते. चित्रपटगृहातून उतरल्यावर वर्गणीच्या मंचावर न जाता थेट या मार्गाने घरी येणारे चित्रपटही आता आहेत. आमीर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर १०० रुपयांत पाहण्यास दिला, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आता भाडे की खरेदी, हे ठरवावे. खरेदी हा शब्द येथे फसवा आहे. आपल्या हाती चित्रपटाची प्रत येत नाही. आपल्या खात्यातून तो वारंवार पाहण्याचा परवाना तेवढा मिळतो, आणि ते खाते व तो मंच टिकेपर्यंतच त्याला अर्थ असतो. गूगल प्ले मूव्हीज हे ॲप बंद झाले तेव्हा लोकांनी घेतलेले चित्रपट त्याच कंपनीच्या यूट्यूबवर पाहता आले म्हणून निभावले. प्रौढांनी एकदा पाहायच्या चित्रपटासाठी भाडेच योग्य. घरात लहान मूल असेल आणि तोच चित्रपट दर रविवारी लागणार असेल, तरच खरेदीचा विचार करावा.

भाड्याच्या मुदतीचे दोन भाग असतात. पैसे दिल्यापासून साधारणपणे ३० दिवसांत चित्रपट पाहायला सुरुवात करावी लागते आणि एकदा सुरुवात केली की बहुधा ४८ तासांत तो संपवावा लागतो. काही चित्रपटांना हा अवधी वेगळा असतो, म्हणून पैसे देण्याच्या पडद्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. चित्र नीट दिसते की नाही हे पाहण्यासाठी दोन मिनिटे जरी चित्रपट लावला, तरी तास मोजायला सुरुवात होते. चाचणी घ्यायचीच असेल तर ती ट्रेलर लावून घ्यावी. गोव्यातील पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते. आषाढातल्या एका शनिवारी रात्री आम्ही फोंड्याला मोठ्या हौसेने चित्रपट लावला, मध्यंतरापर्यंत पोहोचलो आणि लाईट गेली. ती आली, पण रविवारी दिवसभर इंटरनेट आले नाही आणि सोमवारी रात्री पाहतो तो मुदत संपलेली. दुसऱ्यांदा पैसे भरून उरलेला भाग पाहिला. तेव्हापासून मी भाड्याने घेतलेला चित्रपट, ॲपमध्ये सोय असल्यास, आधी फोनवर उतरवून ठेवतो, कारण असा उतरवलेला चित्रपट पाहायला इंटरनेट लागत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्यावर जोडलेला आहे ना, हे पाहावे. दिवे आणि पंखे जोडले जातात, राउटर विसरला जातो.

इंटरनेटचा हिशेबही आधी करावा. फुल एचडी चित्रासाठी साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. अडीच तासांचा चित्रपट याप्रमाणे पाच-साडेपाच जीबी खाऊ शकतो, आणि रोज दीड-दोन जीबी देणारा मोबाइल प्लॅन मध्यंतराआधीच संपतो. वाळपई किंवा सांगेच्या आतल्या गावांत फायबर पोहोचले नसेल, तर कमी दर्जाचे चित्र निवडावे. फोनच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही.

प्रत्यक्ष व्यवहार फोनवरून करणे सोयीचे. चित्रपटाच्या अधिकृत पानावर भाड्याचे बटण दाबण्यापूर्वी भाषा आणि उपशीर्षके तपासावीत, कारण मूळ आणि डब केलेली आवृत्ती पुष्कळदा वेगवेगळी विकली जाते. मग यूपीआयने किंवा कार्डाने पैसे भरावेत आणि आलेली पावती जपून ठेवावी. ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्याने स्मार्ट टीव्हीवर लॉगिन केले की चित्रपट तेथेही दिसतो. फोनचा पडदा टीव्हीवर उमटवण्याचा खटाटोप करू नये. संरक्षित चित्रपटाच्या बाबतीत पुष्कळदा आवाज येतो आणि चित्र काळे राहते. टीव्हीवर कार्डाची माहिती साठवलेली असेल तर खरेदीला पिन लावावा, नाहीतर मुलांच्या हातून रिमोटचे एक बटण दाबले जाऊन बिल येते.

लंडन, लिस्बन किंवा आखातात नातेवाईक असलेल्या गोव्यातील घरांसाठी आणखी एक गोष्ट. तेथील नातेवाईकाने आपल्या खात्यातून घेतलेला चित्रपट येथे चालेलच असे नाही, कारण प्रदर्शनाचे हक्क देशानुसार विकलेले असतात. आपले खाते भारताचे ठेवावे आणि पैसे भारतातील कार्डाने किंवा यूपीआयने भरावेत.

संदेशांतून येणाऱ्या “फक्त १० रुपयांत नवा चित्रपट” अशा लिंक उघडू नयेत आणि त्यांतून ॲप तर मुळीच उतरवू नये. परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चुकीचा चित्रपट घेतला गेला असेल, तर तो सुरू न करता लगेच त्या मंचाच्या मदत विभागातून परतावा मागावा. सुरू केल्यावर पैसे परत मिळणे कठीण होते.

शेवटी चवथीच्या दिवसांत हमखास निघणारा प्रश्न: घरासाठी भाड्याने घेतलेला चित्रपट वाड्यावरच्या सार्वजनिक मांडवात लावता येईल का? नाही. हे भाडे खासगी, घरगुती पाहण्यापुरते असते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते, मग तिकीट लावलेले असो वा नसो. मंडळाने निर्मात्याला किंवा वितरकाला आधी पत्र लिहून ती मागावी.