पीएसए परत चढला तर: आमच्या वहीतला हिशेब

यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन २०१९ च्या जानेवारीत झालं, तेव्हा हे सहासष्ट वर्षांचे होते. "सगळं काढलंय," सर्जन म्हणाले आणि नणंदेनं गल्लीत पेढे वाटले. पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजता येणारं प्रथिन) ०.०२ च्या खाली. मग २०२२ च्या मार्चमध्ये ०.०६ आला. हे म्हणाले, "एवढासा तर आहे." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मी पोस्टात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बचत खात्याच्या खिडकीवर. आकडे लिहून ठेवायची खोड तिथलीच, म्हणून आजाराची वहीही माझ्याकडेच. ओळखीच्या दोघा-तिघांनी ती मागून नेली, तेव्हा वाटलं की नीट लिहून काढावं. औषध डॉक्टरच देणार. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते घरूनच ठरवून जावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे कुठला आकडा खरा धरायचा. प्रोस्टेट काढून टाकल्यावर पीएसए तयार करणारी ग्रंथीच उरत नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे तो ०.२ पर्यंत चढला आणि पुन्हा तपासल्यावरही ०.२ किंवा जास्तच आला, तर आजार परतला असं सर्वसाधारणपणे धरतात. प्रोस्टेट शाबूत असलेल्या माणसाचा '४ पर्यंत नॉर्मल' हा हिशेब इथे लागू नाही. आमच्या शेजारचे एक काका रिपोर्टवर छापलेला तो ४ चा आकडा बघून वर्षभर निर्धास्त राहिले.

तपासणी नेहमी एकाच लॅबमध्ये करा. २०२३ च्या जुलैत पाऊस जोरात होता, म्हणून आम्ही घराजवळच्या कलेक्शन सेंटरात रक्त दिलं. रिपोर्ट ०.३१. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग नेहमीच्या लॅबमध्ये केला तर ०.१७. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि रिपोर्टमध्ये ०.०२ सारखा बारीक आकडा दिसतो का, हे आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी नुसतं '०.१ पेक्षा कमी' एवढंच येतं.

आता आकड्यापेक्षा महत्त्वाचं ते, म्हणजे दुप्पट व्हायला लागणारा वेळ. ही गोष्ट मला डॉक्टरांआधी पोस्टानं शिकवली. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे, आता ११५ महिने लागतात. खिडकीवर येणारा माणूस रकमेआधी तेच विचारायचा, "बाई, कधी दुप्पट?" पीएसएचंही तसंच. आमचे आकडे असे: मार्च २०२२ ला ०.०६, नोव्हेंबरला ०.१०, जुलै २०२३ ला ०.१७, ऑक्टोबरला ०.२२ आणि खात्रीसाठी नोव्हेंबरला ०.२३. म्हणजे साधारण दहा महिन्यांत दुप्पट. निदान तीन आकडे हवेत, मध्ये काही महिन्यांचं अंतर हवं, आणि ०.१ च्या खालच्या आकड्यांवर फार विसंबू नये, ते जरा डुलतात. युरोपातल्या यूरॉलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांत बारा महिने ही रेघ आहे. दुप्पट व्हायला बारा महिन्यांहून जास्त लागत असतील आणि ग्लीसन (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा अंक) ८ च्या खाली असेल, तर धोका कमी. यातलं एक जरी उलटं असलं तरी जास्त.

म्हणून जुनी फाईल माळ्यावरून काढा. ऑपरेशननंतरचा बायोप्सीचा रिपोर्ट त्यात असतो. ग्लीसन किती, काढलेल्या भागाच्या कडेला (ते 'मार्जिन' म्हणतात) कॅन्सरच्या पेशी होत्या का, सेमिनल व्हेसिकलमध्ये (प्रोस्टेटला लागून असलेल्या वीर्याच्या पिशव्यांत) आजार शिरला होता का, लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) साफ होते का, या चार गोष्टी लाल पेनानं खुणा करून न्या. यांचा ग्लीसन ४+३, म्हणजे ७, एका ठिकाणी मार्जिन पॉझिटिव्ह, बाकी साफ. मार्जिन पॉझिटिव्ह ऐकून मी घाबरले होते. रेडिएशनच्या डॉक्टरांनी उलट सांगितलं, की अशा वेळी उरलेला आजार जुन्या जागेतच असण्याची शक्यता जास्त असते आणि तिथे शेक (म्हणजे रेडिएशन) देऊन तो जाऊ शकतो.

पीएसएमए पेट स्कॅन (अंगात कुठे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी आहेत का ते शोधणारा) सांगितला तर एक प्रश्न आधी विचारा: "यात काय दिसलं तर उपचार बदलेल?" आकडा ०.५ च्या खाली असताना निम्म्याहून अधिक जणांत स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. आमच्यातही नाही दिसलं. हे खूष होऊन म्हणाले, "बघ, काही नाही." पण काही न दिसणं म्हणजे काही नसणं नव्हे. स्कॅन कोरा आला म्हणून रेडिएशन लांबवू नका. दिसेपर्यंत थांबू म्हटलं, तर दिसेल तेव्हा हातातली उत्तम वेळ गेलेली असते.

आता पर्याय.

नुसतं लक्ष ठेवणं हाही पर्याय आहे, कुणी हलक्यात घेऊ नये. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या तीनशेहून थोड्या जास्त पुरुषांकडे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. १९९९ साली ते छापून आलं. आकडा वाढल्यापासून आजार हाडांत वगैरे दिसेपर्यंत निम्म्या लोकांत आठ वर्षं किंवा जास्त गेली. वय ऐंशीच्या पुढे, हृदय थकलेलं, आकडा दुप्पट व्हायला दीड-दोन वर्षं लागतायत, अशा माणसाला सहा महिन्यांनी रक्त तपासणं एवढंच पुरेल. माझ्या थोरल्या दिरांचं असंच चाललंय आणि ते मजेत आहेत.

दुसरा, आणि पूर्ण बरं होण्याची खरी संधी देणारा, म्हणजे प्रोस्टेटच्या रिकाम्या जागेवर रेडिएशन. हे लवकर द्यावं, आकडा ०.५ ओलांडायच्या आधी. यांना ०.०६ असतानाच का नाही दिलं, असा माझा राग होता. २०२० मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ऑपरेशननंतर लगेच सगळ्यांना रेडिएशन देण्यापेक्षा, लक्ष ठेवून आकडा चढायला लागल्यावर दिलं तर नुकसान दिसलं नाही, आणि बरेच जण विनाकारणच्या त्रासातून वाचले. हे कळल्यावर माझा राग गेला.

यांना ६६ ग्रे (किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात), ३३ दिवसांत. सोमवार ते शुक्रवार, साडेसहा आठवडे. काही ठिकाणी २० दिवसांचाही क्रम असतो, तो विचारा. रोज बाहेरगावाहून येणाऱ्याला हा फरक मोठा. शेक घेताना दुखत नाही, टेबलावर दहा-पंधरा मिनिटं जातात. कठीण असतं ते मूत्राशय भरलेलं आणि आतडं रिकामं ठेवणं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की त्याचा आणि आतड्याचा बराच भाग किरणांपासून दूर राहतो. आम्ही सांगलीहून मिरजेला रिक्षानं जायचो. विश्रामबाग चौक आला की बाटली उघडायची, अर्धा लिटर संपवायचं. एकदा तिथेच वाहतूक अडकली आणि यांची जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही. नंतर पाणी हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच. पोटात वायू दिसला तर टेबलावरून उतरवतात आणि पुन्हा तासभर थांबवतात. म्हणून हरभऱ्याची उसळ, पावटा, कच्चा कांदा आणि आमच्या सांगलीचं भडंग, सगळं दीड महिना बंद.

एक गोष्ट रेडिएशनच्या आधी मिटवा: लघवी गळणं. ऑपरेशननंतर गळती अजून सुधारत असेल तर ती स्थिरावू द्यावी, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम मनापासून करावेत, कारण रेडिएशननंतर ती सुधारणं अवघड जातं. शेक चालू असताना वारंवार लघवी, शौचाला घाई हे बहुतेकांना होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. पण वर्षा-दोन वर्षांनी लघवीत किंवा शौचात रक्त दिसू शकतं. दिसलं तर "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसू नका, दाखवा. नवराबायकोच्या संबंधांवरही परिणाम होतो. तो विषय डॉक्टर आपणहून काढत नाहीत. मीच विचारलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

तिसरा प्रश्न हार्मोनच्या इंजेक्शनचा. पुरुषी हार्मोन बंद केलं की कॅन्सरच्या पेशींची उपासमार होते. रेडिएशनबरोबर ते द्यायचं का आणि किती दिवस, यावर आम्हाला दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली. एक म्हणाले दोन वर्षं, दुसरे म्हणाले सहा महिने. अशा वेळी "कोण बरोबर?" असं विचारू नका. "यांच्या बाबतीत फायदा किती आणि किंमत काय?" असं विचारा. यांना मधुमेह, २०१६ ला स्टेंट घातलेला. हार्मोन बंद झालं की साखर चढते, हाडं विरळ होतात, स्नायू जातात, हृदयाला धोका वाढू शकतो. आम्ही सहा महिने घेतले, तीन-तीन महिन्यांची दोन इंजेक्शनं, डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४. दोन महिन्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. दोन वर्षं इंजेक्शन घेणाऱ्यांत आजार दूर पसरणं सहा महिनेवाल्यांपेक्षा कमी होतं, आणि सहा महिने घेणं व मुळीच न घेणं यात फारसा फरक नव्हता. मुलानं पुण्याहून ते पाठवलं, मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, स्टेंट आणि साखर कालही होती, आजही आहे. तरी खरं सांगते, तो कागद आधी हातात असता तर आमचं घरात भांडण वेगळ्या बाजूनं झालं असतं.

इंजेक्शन चालू असताना यांना भर थंडीत घाम फुटायचा, शर्ट बदलावा लागायचा. मी हसले, कारण पन्नाशीत माझं तसंच व्हायचं तेव्हा हे पंखा बंद करायचे. हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि रोज चालण्यासोबत वजन उचलायचा थोडा व्यायाम हे डॉक्टरांकडून मागून घ्या.

हार्मोन बंद करायला अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन स्वस्त आणि एकदाच, म्हणून आपल्याकडे ते पुष्कळदा सुचवतात. कायमचं हार्मोन बंद ठेवायची वेळ आलेल्याला ते ठीक. पण ज्याला रेडिएशनबरोबर सहा महिनेच हवंय त्यानं इंजेक्शनच घ्यावं. काढलेलं परत लावता येत नाही.

स्कॅनमध्ये ओटीपोटातले लिम्फ नोड दिसले तर रेडिएशनचं क्षेत्र वाढवतात आणि हार्मोन जोडतात. हाडात एखाद-दुसरा ठिपका असेल तर त्यालाच नेमकं रेडिएशन देता येतं. रेडिएशन होऊनही आकडा भराभर चढत असेल तर गोळ्या आहेत. एन्झालुटामाइडची २०२३ ची चाचणी नऊ महिन्यांत किंवा त्याहून लवकर दुप्पट होणाऱ्यांवरच होती: हार्मोनच्या इंजेक्शनला जोड दिल्यावर पाच वर्षांनी शंभरातले ८७ जण पसरल्याशिवाय जिवंत होते, नुसत्या इंजेक्शनवर ७१. आपल्याकडे तिच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, मूळ कंपनीचा भाव ऐकून परत फिरू नका. उलट, आकडा संथ असताना नुसत्या भीतीपोटी हार्मोन सुरू करू नका.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) पहिल्याच दिवशी भेटा, उपचार सुरू झाल्यावर नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. स्कॅन आणि इंजेक्शनचा खर्च त्यात धरलाय का, ते वेगळं विचारा.

शेवटचं एक, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मे २०२४ ला यांचा पीएसए ०.०२ च्या खाली आला. नणंद पेढे आणायला निघाली. मी वहीत तो आकडा पेन्सिलीनं लिहिला. कारण इंजेक्शनचा अंमल असताना पीएसए खाली बसतोच, त्यात रेडिएशनचं श्रेय किती ते कळत नाही. टेस्टोस्टेरॉन (तेच ते पुरुषी हार्मोन) परत जागेवर आल्यानंतरचा आकडा खरा. म्हणून त्या दोन्ही तपासण्या बरोबर करायच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आणि पीएसए ०.०३. तो मी पेनानं लिहिला. पेढे अजून आणू दिले नाहीत.