‘तीच व्यक्ती, तोच समाज’ हे कसे तपासावे
काळ लोटल्यावरही व्यक्ती तीच आहे का, हे पाहताना प्रथम निकष ठरवावा: शरीर, स्मृती की स्वभाव. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये जाणिवेच्या सातत्याला, म्हणजे आपले पूर्वीचे अनुभव आठवण्याला, आधार मानले. त्यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडचा १७८५ मधील आक्षेप, जो मला सर्वांत नेमका वाटतो, लावून पाहावा. वृद्ध सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, पराक्रमाच्या वेळी त्याला बालपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापती झाल्यावर तो मार विस्मरणात गेला असेल, तर सेनापती आणि तो मुलगा एकच का? आठवणींची साखळी जोडून ‘होय’ म्हणता येते. मात्र मग थेट स्मृतीचा निकष सोडावा लागतो.

समूहाबाबत स्मृतीचा निकष जपून वापरावा. १९६० मधील महाराष्ट्रस्थापना आजच्या बहुसंख्य मराठी माणसांनी अनुभवलेलीच नाही. तेथे भाषा, संस्था आणि स्वीकारलेली बांधिलकी यांचे सातत्य शोधावे.