हेडलाइटला रंगीत बल्ब बसवताय? या चुका टाळा

जुलैतली रात्र, ताम्हिणी घाट आणि मुसळधार पाऊस. आठच दिवसांपूर्वी एका दुकानातून ‘सुपर व्हाइट’ लिहिलेले निळसर बल्ब बसवून घेतले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये समोरची भिंत अशी लख्ख उजळली की पैसे वसूल वाटले. घाटात मात्र रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टीच दिसेना. शेवटी पुढच्या टेम्पोचे लाल दिवे धरून कसंबसं माणगाव गाठलं. मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं होती. तेव्हापासून कोणी असे बल्ब घ्यायला निघालं की मी आधी थांबवतो.

पहिली चूक म्हणजे रंगालाच उजेड समजणं. पाकिटावरचा ५००० के (केल्विन) किंवा ६००० के हा आकडा फक्त रंग सांगतो. साध्या हॅलोजनचा, म्हणजे आतली तार तापून उजळणाऱ्या नेहमीच्या बल्बचा, रंग ३२०० केच्या आसपास, म्हणजे किंचित पिवळसर असतो. बल्ब किती प्रकाश देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात, आणि निळ्या हॅलोजनच्या पाकिटावर तो आकडा क्वचितच ठळक असतो. हा बल्ब हातात घेऊन बघा: काचेवर निळा थर दिसेल. आतली तार जास्त करून पिवळा-लाल प्रकाशच देते आणि हा थर नेमका तोच अडवतो. ही तूट भरून काढायला तार जास्त तापवावी लागते, म्हणून असे बल्ब लवकर उडतात. ओल्या डांबरावर पडलेला उजेड तसाही पुढे निसटतो, आपल्या डोळ्यांकडे थोडाच परततो. त्यात मुळातच कपात झालेली.

मग पिवळा बल्ब घ्यावा का? ‘पिवळा धुकं कापतो’ असं घाटात गाडी चालवणारे बरेच जण सांगतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना कमी खुपतो, तेवढाच फायदा. फॉगलॅम्प उपयोगी पडतो, कारण तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद व चपटा असतो. धुक्यात अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावलं तर कुठल्याही रंगाचा बल्ब समोर पांढरी भिंत उभी करतो.

वॅट वाढवणं ही त्याहून घातक चूक. एच४ हा अप्पर आणि डिपर (खालचा, जवळचा झोत) एकाच बल्बमध्ये असलेला हॅलोजन; तो ६०/५५ वॅटचा असतो, अप्परला ६० आणि डिपरला ५५. दुकानात १००/९० सहज मिळतो, पण होल्डर, वायर आणि रिफ्लेक्टर त्या उष्णतेसाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि मग साधा बल्बही मंद वाटू लागतो.

हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी घालणाऱ्यांनी एच४ जरा निरखून पाहावा. आत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी. डिपरचा झोत वर जाऊ नये म्हणून ती असते. एलईडीचा प्रकाश नेमका त्याच जागेहून निघाला नाही, तर झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या एकपदरी घाटरस्त्यांवर समोरचा क्षणभर आंधळा झाला तर धोका दोघांनाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ याच साठी आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये.

खरं तर बल्ब बदलण्याआधी उजेड का कमी झाला ते शोधा. हेडलाइटची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर आधी पॉलिश करून घ्या. इंजिन आणि दिवे चालू ठेवून इलेक्ट्रिशियनला होल्डरपाशी व्होल्टेज मोजायला सांगा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.४ आलं, तर दोष अर्थिंगचा, वायरचा किंवा स्विचचा. व्होल्टेज १० टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. आमच्या गाडीत अर्थिंगचा नट गंजला होता. तो घासला, साधे ६०/५५ चे बल्ब परत बसवले आणि फरक पहिल्याच रात्री दिसला.

बल्ब जोडीनेच बदला. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा.

नंतर सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. उंची बदलायचं बटण असेल तर शून्यावर ठेवा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे, आणि डावीकडे ती थोडी चढती हवी. वर गेली असेल तर सेटिंग करून घ्या. काढलेले बल्ब चांगले असतील तर कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रात्री घाटात एखादा उडाला तर तेवढाच आधार.