पहिल्यांदाच माकुलं गरवायला जाताय? मग आधी तिथी बघा

माकुलं म्हणजे स्क्विड. ती गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, रॉड कुठला घ्यायचा हे मला सगळे विचारतात, कुठल्या रात्री जायचं हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून सुरुवात कालनिर्णयापासून करतो. दिवाळी ते होळी या काळातली वद्य दशमी, एकादशी, द्वादशी आणि त्रयोदशी या रात्रींवर खूण करा. नवशिक्याने आपली पहिली रात्र यांतूनच निवडावी.

कारण सांगतो. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. मुंबईच्या मानाने देवगडला पाणी थोडं आधी भरतं, त्यामुळे मी तासभर अगोदरच जेटीवर पोचतो. वद्य पक्षात या तिथींना चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे भरतीही जेवणवेळेच्या सुमाराला आणि काळोखही पक्का. अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, नुकताच सरलेला असतो, पाण्याला बेताची ओढ असते. अमावास्येच्या उधाणाला ओढ इतकी वाढते की नवख्या हाताला जिग (दोराच्या टोकाचं नकली आमिष) तळाला गेला की वाहून गेला हेच कळत नाही. शुद्ध पक्षातली दशमी या कामाला चालत नाही. भरती तीच असते, पण चंद्र डोक्यावर असतो.

काळोख हवा तो जेटीवरच्या दिव्यासाठी. दिव्याखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे छोटी मासळी येते आणि मासळीमागे माकूल. चांदण्यात सगळं पाणीच उजळलेलं असतं, मग मासळी एका जागी कशाला थांबेल? मात्र माकूल दिव्याच्या थेट खाली सहसा उभं राहत नाही. उजेड संपून सावली सुरू होते त्या रेषेच्या आत, काळोखाच्या बाजूला ते दबा धरून असतं. तिथून झेप घेतं, पकडतं आणि परत सावलीत जातं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: जिग उजेडात टाकू नका, सावलीत टाकून उजेडाच्या कडेपर्यंत आणा.

दिवा जेटीवर आहे तोच पुरे. घरून जनरेटर आणि मोठे एलईडी आणू नका. एलईडी लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, 2021 मध्ये महाराष्ट्राने आपल्या 1981 च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. आमच्या सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं आहे, कारण प्रखर दिव्याखाली पिल्लासकट सगळं गोळा होतं आणि किनाऱ्यावरच्या माणसाला काही उरत नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे. हातात एक रॉड घेऊन रात्रीला चार माकुलं काढणं वेगळं आणि समुद्र उपसणं वेगळं. डोक्यावरची बॅटरीसुद्धा पाण्यावर मारू नका, गाठ बांधताना खाली मान घालून लावा आणि लगेच बंद करा.

आता सामान. आठ फुटी हलका रॉड, 2500 नंबरचं रीळ, त्यावर पातळ ब्रेडेड (विणलेला) दोर आणि पुढे हातभर फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोर आणि जिग यांच्यामधला तुकडा. रॉड नसेल तर अडू नका. तीसेक मीटर तंगूस (नायलॉनचा दोर) एखाद्या लाकडी तुकड्याला गुंडाळून घ्या. माझे काका आयुष्यभर हातदोरीवरच गरवत आले. ते म्हणायचे की रॉडपेक्षा बोटाला लवकर कळतं, आणि जेटीच्या पायथ्याशी गरवताना मलाही तसंच वाटतं.

जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराचं, कापड चढवलेलं आमिष. पोटाखाली शिशाचा तुकडा आणि शेपटीला वर वळलेल्या सुयांचा मुकुट. ही जपानी घडण आहे, तिथे याला एगी म्हणतात, आणि पाकिटावरचा आकडा लांबीचा असतो. अडीच नंबर साधारण साडेसात सेंटिमीटर, तीन नंबर नऊ. आपल्याकडच्या माकुलांना हे दोन पुरतात, साडेतीनच्या मागे लागू नका. रंगावरून दुकानात तासभर घालवू नका. माकुलाला आपल्यासारखे रंग दिसत नाहीत, त्याला उजळ-काळपट हा फरक दिसतो. एक फिका आणि एक गडद घ्या, एकाला प्रतिसाद नसेल तर दुसरा लावा. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या तळव्याच्या बुटांवर करा. जेटीच्या पायऱ्या भरतीत बुडतात आणि त्यांवर शेवाळ असतं.

कातळावर पहिल्या हंगामात जाऊच नका. तिथे माकुलं जास्त मिळतात हे खरं आहे, पण काळोखात लाट मोजता येत नाही. जेटीवरसुद्धा एकटे जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला. होड्यांचे दोर ओलांडू नका आणि बंदरातल्या माणसांना विचारून, त्यांच्या कामाच्या आड येणार नाही अशी जागा धरा. मालवणला सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे मनाई आहे हे आधी विचारा.

गरवायची रीत अशी. जिग सावलीत टाका आणि दोर जेमतेम ताणलेला ठेवून बुडू द्या. साधा जिग मीटरभर उतरायला तीनेक सेकंद घेतो. जेटीशी चार मीटर पाणी असेल तर बारा आकडे मोजा. तळाला टेकला की दोर सैल पडतो. लगेच रॉडला वरच्या दिशेने दोन छोटे हिसके द्या, जिग कोळंबीसारखा उसळतो. मग थांबा आणि त्याला पुन्हा बुडू द्या. नवा माणूस हिसके देत राहतो आणि थांबायचं विसरतो. पण माकूल बहुतेक वेळा पडणाऱ्या जिगला धरतं. उसळणारा जिग त्याचं लक्ष वेधतो, खरं काम बुडणारा जिग करतो. पाच ते आठ आकडे शांत राहा, पुढचे हिसके, पुन्हा शांत, असं करत कडेपर्यंत या.

हिसका बसेल अशी वाट बघू नका. बुडता बुडता दोर मध्येच थांबला, किंवा ओढ नसताना बाजूला सरकू लागला, की समजायचं. कधी नुसतं वजन वाढतं, ओलं फडकं अडकल्यासारखं. अशा वेळी रॉड जोरात झटकू नका. माकुलाने दोन लांब सोंडांनी आमिष धरलेलं असतं, त्या सोंडा नाजूक असतात, झटक्याने तुटतात. रॉड सावकाश वर घ्या आणि एकसारख्या वेगाने रीळ फिरवत राहा. जिगच्या सुयांना उलटा काटा नसतो, दोर क्षणभर सैल झाला की माकूल सुटतं. काका शेजारी उभे राहून एवढंच सांगायचे, “घाय करू नको. दोर ढिलो सोडू नको.” ते अंगाची पिचकारी करून मागे पळतं तेव्हा रीळ थांबवा, ताण तसाच ठेवा. दम संपला की पुन्हा ओढा.

वर काढण्याआधी ते पाण्याच्या पृष्ठभागाशी थोडं धरून ठेवा. शाई आणि पाणी तिथेच सोडू द्या. मग हातजाळ्यात घ्या. ज्या नळीतून ते शाई फेकतं तिचं तोंड माणसांकडे नको, समुद्राकडे हवं. डोक्यामागे, अंगाच्या नळीला धरा, सोंडांच्या मधोमध पोपटासारखी चोच असते आणि ती चावते. मारायचं असेल तर तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या मध्ये टोकदार सळई खुपसली की अंग झर्रकन पांढरं पडतं, तेव्हा काम झालं. लगेच पिशवीत घालून बर्फात ठेवा, बर्फाचं गोडं पाणी अंगाला लागू देऊ नका. आणि जेटीवर सांडलेली शाई बादलीभर समुद्राचं पाणी ओतून धुवा. पहाटे त्याच दगडावरून टोपल्या घेऊन बायका चालणार असतात.

वीतभरापेक्षा लहान असलेलं मी सोडतो. हे जीव साधारण वर्षभरच जगतात आणि अंडी घालून मरतात. जिगला कधी पांढऱ्या, बोटाएवढ्या लिबलिबीत नळ्यांचा झुपका अडकून येतो. ती अंडी असतात. झटकून फेकू नका, हलकेच सोडवून पाण्यात सोडा आणि ती जागा बदला. आत समुद्रफेनाची पांढरी पाटी असलेलं जाड, रुंद माकूलही याच जिगला येतं, पण ते तळाशीच असतं, त्यामुळे जिग जास्त वर आणू नका.

घरी आल्यावर डोकं ओढून काढा, आतली काचेसारखी पारदर्शक पट्टी उपसा, शाईची पिशवी फोडू नका. गोल चकत्या करून तापलेल्या तव्यावर दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन मिनिटांत उतरवायचं जमणार नसेल तर मग तिरफळ आणि सोलं (कोकम) घालून पाऊण तास मंद आचेवर शिजवा. या दोन वेळांच्या मधलं माकूल रबरासारखं होतं. तोवर जिग गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर सुया पुढच्या एकादशीपर्यंत गंजतात.