वायफाय सगळ्यांना सारखं वाटून देताय? मग या चुका टाळा

इंदूरच्या भंवरकुआंला जागोजागी त्या लायब्रऱ्या आहेत ना, पुस्तक एकही नाही, नुसती खुर्ची, प्लग आणि वायफाय, तिथून हमखास फोन येतो की नेट स्लो आहे. गेलं की दर वेळी तेच घोळ दिसतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे प्रत्येकाला सारखी स्पीड लिमिट लावायची आणि झाला न्याय. एका लायब्ररीवाल्या काकांनी हेच केलेलं. लाइन 100 एमबीपीएसची, मुलं चाळीसेक, प्रत्येकाला 2 ची लिमिट, कागदावर हिशोब चोख. तरी दुपारी एकाचंही लेक्चर धड चालेना. काका म्हणे, "अरे, सगळ्यांना सारखं वाटून दिलंय, आता अजून काय करू?" मी राउटरमधे कोण कोण जोडलंय ती क्लायंट लिस्ट उघडली तर दोन पोरं जिन्यात बसलेली, मधे दोन भिंती, आणि त्यांचे फोन 1 एमबीपीएसच्या लिंकवर लटकलेले. इथेच सगळं अडलेलं. वायफाय पाळी सगळ्यांना सारखी देतं, पण पाळी आल्यावर कोण किती वेळ घेतो ते बघत नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत रांगेत पुढचा पाच मिनिटं भावच विचारत बसला तर मागचे काय करणार? 1500 बाइटचं पॅकेट 1 एमबीपीएसवर हवेत 12 मिलिसेकंद खातं, 54 वर पाव मिलिसेकंदही नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी 2003 मधेच दाखवलेलं की एक हळू मशीन बाकीच्या फास्ट मशीनांनाही आपल्या पातळीला आणतं. आणि गंमत अशी की जिन्यातला पोरगा 2 पर्यंत कधी पोचतच नाही, म्हणजे काकांची लिमिट नेमकी त्यालाच लागत नव्हती!

मी काय करतो, 1, 2, 5.5 आणि 11 एमबीपीएस हे लिंकचे म्हातारे रेट आधी बंद, किमान 12. राउटरमधे एअरटाइम फेअरनेस, म्हणजे हवेतला वेळच सगळ्यांना सारखा वाटायची सोय, असेल तर तेही ऑन. जिन्यातल्या पोरांचं नेट अर्थातच गेलं, काका माझ्यावरच उखडले, मग केबल ओढून जिन्याच्या दाराशी वायफाय सोडणारा दुसरा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावला आणि सगळे गप्प. केबल म्हटलं की लोकांची तोंडं वाकडी होतात, "रिपीटर लावून द्या ना." अहो, साधा रिपीटर बिनकेबलीचा, ऐकलेली तीच गोष्ट त्याच चॅनलवर दोनदा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खातो. एवढी घाई असेल तर मला बोलवूच नका.

दुसरं म्हणजे वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात "3 नंबरचं चॅनल रिकामं दिसलं" म्हणून तिथे जाऊन बसणारे. चॅनल 5 मेगाहर्ट्झच्या अंतरावर, सिग्नलची रुंदी 20, मग 3 वर बसलात की 1 आणि 6 दोघांच्या अंगावर. एकाच चॅनलवरचे दोन राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळी लावतात, अर्धवट ओव्हरलॅपवाल्यांना समोरचा नुसता गोंगाट वाटतो. म्हणून 1, 6, 11, बस. शेजाऱ्याच्याच चॅनलवर बसावं लागलं तरी चालेल. त्यापेक्षा शक्य तेवढे फोन 5 गिगाहर्ट्झवर ढकला, तिथे भारतात 2018 पासून भरपूर जागा मोकळी झालीय.

2.4 वर 40 मेगाहर्ट्झ रुंदी? नको.

चार-चार नावांची नेटवर्कं ठेवू नका, प्रत्येकाचा बीकन, म्हणजे "मी इथे आहे" ही सततची हाक, वेगळा आणि तोही सगळ्यात हळू रेटने जातो.

पॉवर फुल करू नका. राउटर ओरडेल, फोन कुठून तेवढं ओरडणार?

इंजिनिअरिंगची पोरं जैन इंडेक्स, म्हणजे वाटणी किती सारखी ते सांगणारा आकडा (1 म्हणजे अगदी सारखी), काढून आणतात, "सर, 0.99 आला!" राज जैन यांचा 1984 चा फॉर्म्युला छानच आहे, माणूसही रीव्यात शिकलेला, आपल्याकडचाच, पण स्पीडवर काढलेला 0.99 एवढंच सांगतो की सगळे सारखे आहेत, सारखे रडतायत का सारखे हसतायत ते सांगत नाही. एअरटाइमवर काढा, आणि शेजारी एकूण स्पीडही लिहा. मोबाइल टॉवरवाले हे कधीचं शिकले, एलटीईत (4जीत) दर मिलिसेकंदाला पाळी ठरते आणि प्रोपोर्शनल फेअर नावाच्या पद्धतीत ज्याचा सिग्नल आत्ता त्याच्याच सरासरीच्या मानाने बरा आहे त्याला आधी देतात, त्यामुळे लांबचाही उपाशी राहत नाही आणि जवळच्याचंही वाया जात नाही.

आणि स्पीड टेस्ट राउटरखाली उभं राहून करू नका हो, सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसून करा, तीही दुपारी, लायब्ररी भरलेली असताना.