रीलोडिंग करताना बंदुकीची दारू निवडताय? या चुका टाळा

अमेरिकेत रीलोडिंग, म्हणजे घरी काडतुसं भरणं, हा रीतसर छंद आहे. (भारतात नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या मित्रांनी हे नुसतं वाचावं.)

नवशिक्यांचा सगळ्यात लाडका समज असा: रायफलची नळी आखूड, मग दारूही झटपट जळणारी हवी, नाहीतर ती नळीबाहेर जळून वाया जाते. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. .३०८ विंचेस्टरसारख्या रायफलच्या काडतुसात गोळी पहिले काही इंच सरकते तेवढ्यातच दाब शिगेला पोचतो आणि बरीचशी दारू तिथेच जळते. नळीच्या तोंडाशी दिसणारा भडका मुख्यतः तापलेले वायू बाहेरच्या हवेत पुन्हा पेटल्याचा असतो. .३०८ साठी कमाल दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ठरलेला आहे. जलद दारू थोडक्यातच ती मर्यादा गाठते आणि दाब लगेच कोसळतो. थोडी मंद दारू जास्त भरता येते, म्हणून वायू जास्त होतो आणि गोळीला रेटा जास्त वेळ मिळतो. त्यामुळे २४ इंची नळीत जी दारू सरस ठरते, तीच साधारणपणे १६ इंचीतही सरस ठरते. वेग कमी होतोच, इंचामागे ढोबळमानाने सेकंदाला २०–३० फूट. भडका आणि आवाज खुपत असेल तर एखादी पायरी जलद दारू घ्या, पण त्यातून वेग वाढेल ही आशा नको.

‘मग .३०० ब्लॅकआउट या रायफलच्या काडतुसात पिस्तुलाची दारू का चालते?’ हा प्रश्न येणारच. कारण त्याचं टरफल (दारू भरतात ते कवच) छोटं आणि नळीचं भोक त्या मानाने मोठं. तिथेही निर्णय टरफलच घेतं.

गोळीच्या वजनाचं मात्र खरंच पाहावं लागतं. जड गोळी हळू हलते, मागे जागा हळू मोकळी होते, दाब साचत जातो. म्हणून मंद दारू. .२२३ काडतुसात ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळीला एच३३५ ही दारू छान जमते, ७७ ग्रेनला लोक व्हार्गेट या मंद दारूकडे वळतात. उलट हलक्या गोळीमागे फार मंद दारू घातली तर दाबच चढत नाही: नळीत अर्धवट जळके दाणे उरतात आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक आकडा वेगळा. अशा वेळी दारू वाढवत बसू नका, बदला. वजन सारखं असलं तरी निव्वळ तांब्याची गोळी शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब असते, टरफलातली जागा खाते आणि दाब वाढवते. तिचा डेटा (किती दारू भरायची त्याचे आकडे) वेगळा शोधा.

बर्न रेट चार्ट म्हणजे कोणती दारू किती जलद जळते याची फक्त क्रमवारी. शेजारशेजारच्या दोन दारूंमध्ये किती फरक आहे, ते त्यात कळत नाही. त्यावरून प्रमाण काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. नावंही फसवी: एच४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या दारू, एकीचा डेटा दुसरीला लावायचा नाही.

‘कमी भरली की सुरक्षित’ हेही सरसकट खरं नाही. एच११० ही दारू रीलोडिंगच्या मॅन्युअलमधल्या आकड्याच्या फार खाली नेलीत तर गोळी नळीत अडकू शकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. बुल्सआयसारख्या जलद दारूचा धोका वेगळा. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या टरफलात चुकून दुप्पट पडली तरी ती मावते, म्हणून गोळी बसवण्याआधी उजेडात प्रत्येक टरफलात डोकवा.

बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जड उचलला जात असेल, प्रायमर (टरफलाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) चपटा झाला असेल, तर तिथेच थांबा. पण या खुणा नाहीत म्हणजे दाब मर्यादेत आहे असं समजू नका. त्या बऱ्याचदा मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात.