या चुका टाळा : पायथनमध्ये भलतीच फाइल चालते तेव्हा

पायथन शिकताना लूप आणि फंक्शनपर्यंत सगळं सुरळीत चालतं. कोड दोन-तीन फाइल्समध्ये विभागला, की गाडी अडते. नवशिक्या मुलांच्या शेजारी बसून मी एरर शोधतो, तेव्हा बऱ्याचदा त्यांच्या लॉजिकमध्ये चूक नसतेच. त्यांना वाटतं ती फाइल चाललेलीच नसते. म्हणून कोड बदलायला घेण्याआधी विचारा : आत्ता नेमकी कोणती फाइल चालते आहे, आणि कोणत्या पायथनवर? (खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजीत करायच्या.)

सगळ्यात जास्त वेळ खाते ती फाइलच्या नावाची चूक. रँडम मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या फाइलमधून इम्पोर्ट करता येणारी कोडची फाइल) शिकायला घेतलं, म्हणून सरावाच्या फाइललाच नाव दिलं रँडम.पाय. आत पहिली ओळ, इम्पोर्ट रँडम, आणि पुढे त्यातल्या रँडइंट फंक्शनकडे एक आकडा मागितला. चालवलं की पायथन म्हणतो, रँडममध्ये रँडइंट नावाचं काही नाहीच. पायथन मॉड्यूल शोधतो तो सिस.पाथ या यादीतल्या क्रमाने, आणि स्क्रिप्ट चालवली की त्या यादीत पहिला नंबर स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डरचा असतो. म्हणजे तुमची फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करून बसते. एररमध्ये ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ असे शब्द दिसतात आणि मुलं तासभर त्याच्यामागे धावतात. पायथन 3.13 पासून ‘फाइलचं नाव बदलून बघा’ असा स्पष्ट इशारा मिळतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत हे आपल्यालाच ओळखावं लागतं. त्या फोल्डरमधल्या बाकीच्या स्क्रिप्टही यात सापडतात. टेम्पफाइलसारखं पायथनचं स्वतःचं मॉड्यूल आतून रँडम वापरतं, त्यालाही तुमचीच फाइल मिळते. शंका आली की प्रिंट(रँडम.__फाइल__) करा. तुमच्या फोल्डरचा पत्ता छापला गेला, तर चोर सापडला. ईमेल, कॅलेंडर, स्टॅटिस्टिक्स, टोकन ही नावंही आधीच घेतलेली आहेत, ती टाळा.

दुसरी तक्रार रोजची, पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामची : ‘सर, पिपने इन्स्टॉल झालं म्हणून सांगितलं, तरी मॉड्यूल नॉट फाउंड येतं.’ मशीनवर दोन पायथन असतात, पिप एकाचं आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो. नुसतं पिप इन्स्टॉल लिहू नका, पायथन -एम पिप इन्स्टॉल लिहा. मग ज्या पायथनला हाक मारली, त्याच्याच घरात पॅकेज जातं. व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात निवडलेला पायथन दिसतो, तोही तपासा. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टच्या पॅकेजेसची स्वतंत्र जागा) करा. ते बनवणारं व्हीएन्व्ही पायथन 3.3 पासून सोबतच येतं. डेबियन 12 किंवा अलीकडच्या उबुंटूवर पिपने ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार दिला, तर कुठून तरी कॉपी केलेला, तो नकार डावलणारा ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय चिकटवू नका. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची कामं त्या पायथनवर चालतात. आणि कधी कधी घोळ फक्त नावाचा असतो : इन्स्टॉल करायचं पिलो, इम्पोर्ट करायचं पीआयएल.

आता टेस्ट, म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का ते तपासणारी फंक्शन्स. इथलं दुखणं उलटं आहे, कारण एरर येतच नाही. पायटेस्ट (टेस्ट शोधून चालवणारा प्रोग्राम) आपणहून उचलतो त्या फाइल्सचं नाव टेस्ट_ ने सुरू व्हावं किंवा _टेस्ट ने संपावं लागतं, आणि फंक्शनचं नाव टेस्टने सुरू व्हावं लागतं. एका मुलीने आठ टेस्ट लिहिल्या होत्या, चालत होत्या सात. कॉपी-पेस्ट करताना दोन फंक्शनची नावं एकच राहिली होती. पायथन अशा वेळी तक्रार करत नाही, दुसरं फंक्शन पहिल्याला गुपचूप पुसून टाकतं. तेव्हापासून मी मुलांना ‘पास’ हा शब्द वाचायच्या आधी ‘कलेक्टेड’पुढचा आकडा मोजायला लावतो. नावं वेगळी ठेवायला एक सोपा उपाय आहे : पायथन 3 मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही चालतं. सुरुवातीचं टेस्ट तेवढं इंग्रजीत ठेवून पुढे ‘_शून्य_युनिटचं_बिल’ लिहा. टेस्ट फेल झाली की काय बिघडलं ते मराठीतच समोर येतं.

असर्टमध्ये (टेस्टमधली अट तपासणाऱ्या ओळीत) अट आणि संदेश एकाच कंसात घालू नका. कंसामुळे त्याचं टपल (स्वल्पविरामाने जोडलेल्या गोष्टींचा गट) होतं, आणि भरलेलं टपल कायम खरं, म्हणून ती टेस्ट कधीच फेल होणार नाही. पायथन वॉर्निंग देतो, पण ती वाचतं कोण? पैशांचे हिशेब फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) तपासताना थेट बरोबरी लावू नका, 0.1 + 0.2 म्हणजे 0.3 येत नाही. जवळपास बरोबरी तपासणारं पायटेस्टचं अप्रॉक्स वापरा.

टेस्ट सुरू होताच इनपुटवर अडकली, तर मॉड्यूलमध्ये वरच इनपुट() लिहिलेलं असणार. इम्पोर्ट म्हणजे ती अख्खी फाइल एकदा चालवणं. असा कोड इफ __नेम__ == "__मेन__" च्या आत न्या, म्हणजे फाइल थेट चालवली तरच तो चालतो. टेस्ट वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि तुमचंच मॉड्यूल सापडत नाही? प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधून पायथन -एम पायटेस्ट चालवा, म्हणजे ते फोल्डर सिस.पाथमध्ये येतं.

पॅचची (टेस्टपुरतं खऱ्या फंक्शनच्या जागी नकली बसवण्याची) चूक मात्र अनुभवी लोकही करतात. समजा बिल.पाय मध्ये लिहिलंय : फ्रॉम दर इम्पोर्ट दर_आणा. टेस्टमध्ये तुम्ही दर.दर_आणा पॅच करता, तरी खरं फंक्शन चालून नेटवर्ककडे धावतं. कारण त्या इम्पोर्टच्या ओळीने बिल मॉड्यूलमध्ये त्याच फंक्शनला दुसरं नाव मिळालं, आणि बिल तेच वापरतं. तुम्ही बदललं ते मूळ घरातलं नाव. पॅच करायचं ते वापर जिथे होतो तिथे, म्हणजे बिल.दर_आणा. खात्री करायची तर नकली दर 1000 ठेवा. बिलात तो आकडा दिसला नाही, तर पॅच अजून भलत्याच जागी आहे.